आकडीचा रकाना

तळघरातल्या कचेरीला खिडकी नाही.
कुओपिओत नोव्हेंबरात तिचा तसा उपयोगही नसतो,
साडेतीनला सरोवर दिसेनासं होतं.

माझं काम फायली वाचायचं.
मेंदूभोवती रक्त सांडलेल्या माणसांची नोंदवही:
वय, सिगारेट, रक्तदाब,
कुठली धमनी फुगली होती, किती मिलिमीटर,
कवटी उघडून चिमटा लावला की आतून तारेचं वेटोळं भरलं,
आणि सतरावा रकाना. सुरुवातीला आकडी आली होती का?
होय तर एक. नाही तर शून्य.
माहीत नसेल तर नऊ.
नऊ फार झाले की वरून विचारणा होते.

आज हिल्का रिस्सानेन, वय एकसष्ट.
बाजारचौकात तिचा कालाकुक्कोचा गाळा.
रायच्या जाड कवचात मासे आणि डुकराची चरबी कोंडायची,
रात्रभर मंद आच.
मी कैकदा घेतलाय तिच्याकडून, हे फायलीत नाही.
सांगायची: चीर दिसली की लगेच ओल्या पिठाचं बोट फिरव,
रस एकदा बाहेर आला
की आतलं सगळं कोरडं.

रुग्णवाहिकेच्या कागदावर:
अचानक तीव्र डोकेदुखी. उलटी. शुद्ध नाही. पती हजर.

पती हजर. बस्स.
हजर असताना त्यानं काय पाहिलं
ते विचारायला कुणाला सवड नव्हती. रस्त्यावर बर्फ होता.

म्हणून मी फोन केला.
नियमात बसतं, फक्त कुणी करत नाही.

ताउनो रिस्सानेन बराच वेळ गप्प.
इकडच्या गप्प बसण्याची मला सवय आहे,
रिकामं कुठलं आणि भरलेलं कुठलं, कळतं.
मग म्हणाला,
"सहाला दहा कमी. ती काठवटीपाशी उभी.
म्हणाली, डोक्यात कुणीतरी दार आपटलं.
आणि खाली बसली. हात चालूच.
मला वाटलं, कणीक मळतेय.
पण काठवट वर होती, टेबलावर.
मी म्हणालो, हिल्का, पुरे आता."

किती वेळ?

"रेडिओवर दर्यावरचं हवामान सांगत होते.
बोथनियाच्या आखातापासून सायमा सरोवरापर्यंत.
तेवढा वेळ."
मग हळूच,
"तेवढा वेळ मी उभा होतो."

सतराव्या रकान्यात मी एक लिहिला.
उभं राहण्याला रकाना नाही.

पुढे पाचवी रात्र.
पाळीवरच्या पिर्योनं पेन्सिलीनं लिहिलंय:
उजवा अंगठा हलतो, थांबतो, हलतो. बहुधा काही नाही.
खाली तिनंच "बहुधा" खोडलंय,
मग "काही नाही" सुद्धा.
डॉक्टरांना उठवलं. डोक्यावर तारा चिकटवल्या.
अंग निपचित, चादरीला सुरकुती नाही
आणि कागदावर नऊ तास उसळत्या रेघा.
औषध तीनदा वाढवलं.
ही आकडी कुणी पाहिली नाही,
एका अंगठ्यानं तेवढी चहाडी केली.

अशा चार हजार ओळी जमल्या की कुणीतरी आलेख काढेल:
ज्यांना आकडी आली त्यांचं पुढे काय झालं,
किती दिवस खाट अडली, किती घरी गेले, कुठल्या अवस्थेत.
रेघ चढेल, किंवा नाही चढणार.
आकडी निघून जाते,
आकडा राहतो.

शेवटचा रकाना: रुग्णालय सोडताना.
हिल्का, चार.
चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही.
शब्दांचं काय, ते चारात मावत नाही,
पण फायलीत आहे: बोलत नाही. मान हलवते, कधी उलटी.

"तुमचा कागद भरला का?" ताउनोनं विचारलं.
भरला.
"मग एक सांगतो, लिहू नका.
काल पुनर्वसनवाल्या पोरीनं तिला गोळा दिला, रायच्या कणकेचा.
डाव्या हातानं दाबून पाहिला तिनं.
परत सरकवला.
म्हणाली, सैल."

फोन ठेवला त्यानं. निरोपबिरोप नाही.

मी चार खोडला नाही.
चार तेव्हा खराच होता.
फाईल मिटली, पुढची ओढली.
या महिन्यातला
एक नऊ कमी झाला.